जुनी जावा : प्रक्षेप आणि पाठभेद

जुनी मोटारसायकल घरी पुन्हा उभी करणे हा निव्वळ छंद नव्हे. ते एक प्रकारचे पाठसंपादनच होय, असे आम्हांस वाटते. 'जावा'चेच उदाहरण घेऊ. यानेचेक हा चेक उद्योजक आणि वांडरर ही जर्मन कंपनी यांच्या नावांतून १९२९ साली 'यावा' हे नाव घडले. आपल्याकडे ते 'जावा' झाले. पहिला पाठभेद नावातच आहे! १९६१ मध्ये म्हैसूरला तिचे उत्पादन सुरू झाले, पुढे १९७३ मध्ये 'येझदी' हे नाव आले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्यानंतर हा वारसा जपला तो घरोघरच्या अंगणांनी आणि गावोगावच्या मिस्त्रींनी.

नवा रंग, नवे क्रोम चढवले की गाडी चकाकते. मात्र तिचे पुरावे पुसले जातात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पण सुटा भाग मिळेना म्हणून मिस्त्रीने बसवलेला दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर हा प्रक्षेप मानावा की त्या टंचाईच्या काळाची साक्ष? आमच्या मते, गाडी चालण्यास बाध आणील तेवढेच बदलावे. आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून जपावा, संपादक तळटीप जपतो तसा.