जुन्या क्लॅरिनेटपैकी आधी कोणते दुरुस्त करावे?

बँडवाल्यांच्या बोलीत ज्याला 'क्लार्नेट' म्हणतात, ते वाद्य जुन्या ट्रंकांतून, बंद पडलेल्या बँडपथकांच्या सामानातून आणि भंगारबाजारातून आजही अधूनमधून बाहेर येते. पुष्कळदा एकाच वेळी दोन-तीन वाद्ये हाती लागतात. एका क्लॅरिनेटची सगळी पॅड बदलणे, बूच नव्याने बसवणे, गंजलेल्या स्प्रिंगा काढणे हे कसबी कारागिराचेही काही दिवसांचे काम असते आणि त्याचा खर्च कित्येकदा वाद्याच्या किमतीहून अधिक होतो. त्यामुळे सुरुवात कोणत्या वाद्यापासून करावी, हा प्रश्न पैशाचा असतो तितकाच वाद्याच्या भवितव्याचाही. बहुतेक जण सर्वांत जुने किंवा सर्वांत मोठ्या नावाचे वाद्य आधी उचलतात. हे दोन्ही निकष फसवे आहेत.

क्लॅरिनेटमध्ये काही भाग मुळातच बदलण्यासाठी असतात. पॅड, बूच, स्प्रिंगा, रीड हे त्यातले. ते कुजलेले दिसले म्हणून वाद्य निकालात काढण्याचे कारण नाही. याउलट नळीची आतली पोकळी आणि स्वररंध्रे एकदा बिघडली की वाद्याचा सूर गेला. पोकळीच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरकही मोठा मानला जातो. म्हणून पाहणीची सुरुवात बाहेरच्या चकाकीपासून न करता, वाद्य सुटे करून प्रत्येक भागातून उजेडाकडे पाहण्यापासून करावी. पोकळी गुळगुळीत व गोल असावी, रंध्रांच्या कडा तुटलेल्या नसाव्यात, आणि कोणी हौशी माणसाने आत पॉलिशकागद फिरवलेला नसावा.

त्यानंतरची कसोटी पट्टीची, आणि बहुतेक निराशा हिच्याच पोटी येते. आज 'ए' स्वराची कंपनसंख्या ४४० मानली जाते. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत तिच्यावर आंतरराष्ट्रीय सहमती झाली. त्यापूर्वी ब्रिटनमध्ये ४५२च्या आसपासची 'उंच पट्टी' रूढ होती आणि लष्करी बँड १९२०चे दशक संपत येईपर्यंत तिलाच चिकटून होते. ब्रिटिश पलटणींच्या बँडांबरोबर भारतात आलेल्या जुन्या वाद्यांत अशी वाद्ये असणे म्हणूनच स्वाभाविक आहे. ती आजच्या पट्टीहून जवळजवळ पाव सुराने चढी वाजतात. हार्मोनियमचे स्वर पक्के असल्यामुळे तिच्या साथीला ती बसत नाहीत, पियानोच्याही नाहीत. लांब बॅरल लावून पट्टी उतरवण्याचा उपाय सुचवला जातो, पण त्याने मधले, म्हणजे आखूड नळीतून निघणारे स्वर अधिक उतरतात आणि खालचे कमी. एक दुखणे जाऊन दुसरे येते. ओळखण्याची खूण साधी आहे. काही वाद्यांवर 'एचपी' किंवा 'एलपी' अशी अक्षरे कोरलेली असतात. ती नसल्यास माउथपीस वगळून लांबी मोजावी. आजच्या पट्टीचे 'बी फ्लॅट' क्लॅरिनेट सुमारे ६० सेंटिमीटर भरते, उंच पट्टीचे त्याहून सुमारे दोन सेंटिमीटरने आखूड. 'ए' क्लॅरिनेट मात्र मुळातच लांब असते, हे मोजताना ध्यानात ठेवावे.

चाव्यांची रचनाही पाहावी. १८४३च्या सुमारास पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि कारागीर लुई-ऑगस्ट ब्युफे यांनी सिद्ध केलेली 'बोम' पद्धत, म्हणजे साधारणपणे १७ चाव्या आणि सहा कड्या, आज जवळजवळ सर्वत्र शिकवली जाते. त्याआधीच्या, इव्हान म्युलरच्या १३ चाव्यांच्या वाद्यापासून निघालेल्या घराण्याला ब्रसेल्सच्या यूजेन अल्बेर यांच्या नावाने ओळखतात. अल्बेर पद्धत टाकाऊ नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमध्ये सिडनी बेशे आणि जॉनी डॉड्स यांनी तीच वाजवली, आणि तुर्कस्तानात व ग्रीसमध्ये ती अद्याप जिवंत आहे. मात्र ज्याला आज शिकायचे आहे, त्याने दुरुस्तीचा पहिला खर्च तिच्यावर करू नये.

नावांच्या बाबतीत सावधगिरी हवी. पॅरिसच्या ब्युफे क्रँपोंचे १९५०च्या दशकात बाजारात आलेले 'आर-१३' किंवा लंडनच्या बूझी अँड हॉक्सचे '१०१०' सापडणे हे भाग्यच. परंतु ब्युफेशी नाते सांगणारी 'एव्हेट' ही साधी वाद्ये वेगळ्या दर्जाची आहेत, तर कित्येक वाद्यांवर निर्मात्याऐवजी केवळ विक्रेत्याचा शिक्का असतो. '१०१०'ची आणखी एक अडचण आहे. त्याची पोकळी सुमारे १५.२ मिलिमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद, आणि तिला जुळणाऱ्या माउथपीसवाचून ते बेसूर वाजते. मूळ माउथपीस हरवलेले '१०१०' रांगेत मागे ठेवलेले बरे. चाव्यांचा धातूही तपासावा. जर्मन सिल्व्हरच्या घडीव चाव्या वाकवून सरळ करता येतात, तर स्वस्त वाद्यांच्या ओतीव चाव्या वाकवताच तुटतात आणि त्यांना डागही नीट लागत नाही.

राहिले लाकूड. चांगली क्लॅरिनेटे ग्रेनॅडिलाची, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची असतात. हा वृक्ष आपल्या शिसवीच्याच कुळातला. फुंकर उबदार आणि ओलसर, बाहेरची हवा थंड व कोरडी, अशा ओढाताणीत वरचा भाग बहुधा स्वररंध्रांपाशी तडकतो. बारीक चीर योग्य चिकटद्रव्याने बुजवता येते, मोठी असेल तर आडव्या खिळ्यांनी किंवा कार्बन फायबरच्या पट्टीने आवळता येते. चीर रंध्र ओलांडून आरपार गेली असेल तर मात्र हिशेब बदलतो. कोकणपट्टीत चिरेपेक्षा खाऱ्या हवेने गंजणाऱ्या पोलादी स्प्रिंगांचा आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या पॅडांचा त्रास अधिक. ही दोन्ही दुखणी किरकोळ, कारण दोन्ही वस्तू बदलण्याजोग्या आहेत.

एक प्रकार मात्र रांगेतून पूर्णपणे बाजूला काढावा. पिवळसर बॉक्सवूडचे, पाच-सहा पितळी चाव्यांचे आणि हस्तिदंती कड्यांचे वाद्य हाती लागले, तर त्याला हात लावू नये. न्यूरेंबर्गच्या डेनर यांनी १७००च्या सुमारास हे वाद्य घडवले, त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांतले ते असू शकते. त्याची जुनी पॅड आणि पोकळीवरचे हत्याराचे ओरखडे हाच अभ्यासकाचा पुरावा असतो. उत्साही दुरुस्ती तो कायमचा पुसते. शिवाय हस्तिदंताचा व्यापार भारतात कायद्याने बंद आहे. अशा वाद्याची छायाचित्रे काढून, मापे घेऊन ते संग्रहालयातील जाणकारास दाखवणे उचित.

समजा, तीन वाद्ये समोर आहेत. पहिले पलटणीच्या बँडातले अल्बेर पद्धतीचे, आखूड, नक्षीदार पेटीतले. दुसरे '१०१०', पण माउथपीस गहाळ व वरच्या भागावर चीर. तिसरे १९५०-६०च्या दशकातले, साध्या नावाचे, बोम पद्धतीचे, सर्व चाव्या शाबूत, फक्त पॅड कुजलेली. यातले तिसरे आधी दुरुस्तीला द्यावे. ते लवकर वाजते होते, आणि पहिल्या दुरुस्तीत काही चूक झालीच तर ती पॅड व बूच बदलून भरून निघते. '१०१०' त्यानंतर, माउथपीस मिळाल्यावर. पलटणीचे वाद्य कोरड्या जागी, सांधे सैल करून जपून ठेवावे. पॅडना कसर लागू नये म्हणून पेटी वर्षातून दोनदा उघडून वारा द्यावा.