पिल्लावरून कोंबडीची जात ओळखताना

बंगळूरच्या हेब्बाळ येथे विकसित झालेली ‘गिरिराज’ कोंबडी महाराष्ट्रातील परसांतही सुपरिचित आहे. ‘स्वर्णधारा’ हा सुधारित वाण त्याच शहरातून पुढे आला. मात्र या नावांनी विकली जाणारी एकदिवशीय पिल्ले खरोखर त्याच वाणाची आहेत काय, हे केवळ पाहून ठरविणे कठीण असते. गिरिराज संकरित व बहुरंगी असल्याने त्याच्या पिल्लांची लव एकाच रंगाची नसते.

शुद्ध जातींच्या बाबतीत काही खुणा उपयोगी पडतात. व्हाइट लेगहॉर्नचे पिल्लू पिवळे असते. परंतु पांढऱ्या ब्रॉयलरचेही तसेच, त्यामुळे पिवळा रंग हा पुरावा नव्हे. कडकनाथचे पिल्लू निळसर-काळे असून पाठीवर अनियमित गडद पट्टे दिसतात. उघड्या मानेच्या कोंबडीची मान जन्मतःच पिसांविना असते. असीलचा तुरा आखूड व वाटाण्याच्या दाण्यांसारखा असतो, तर लेगहॉर्नचा एकेरी. पिसांचा खरा रंग काही आठवड्यांनीच उमगतो.

फेरीवाले अंड्यांच्या जातींचे नर पिल्लू रंगवून विकतात, तेव्हा फसगत होते; अशा नरापासून अंडी मिळत नाहीत आणि मांसही थोडेच भरते. गिरिराजच्या अंड्यांतून घरी उबवलेल्या पिल्लांत मूळ गुण टिकत नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते. म्हणून खरेदीच्या वेळी उबवणी केंद्राची पावती व मरेक रोगाच्या लसीची नोंद मागून घ्यावी.