अपघातोत्तर तातडीचे उपचार : अंबाजोगाई परिसर

रस्ते अपघातातील जखमीवर घटनास्थळी होणारे प्रथमोपचार, तेथून रुग्णालयापर्यंतचा प्रवास आणि अपघात विभागातील पहिली तपासणी हा या नोंदीचा विषय आहे. बालाघाटच्या रांगेत वसलेल्या अंबाजोगाईत (जि. बीड) लातूर, परळी, केज व अहमदपूरकडचे रस्ते एकत्र येतात. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की याच रस्त्यांवर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर धावतात. पैकी अनेकांना मागे लाल दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते. नादुरुस्त होऊन रस्त्याकडेला थांबलेली अशी ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारीला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

उपचारांच्या दृष्टीने मात्र अंबाजोगाई सुदैवी आहे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे १९७०च्या दशकाच्या मध्यापासून आहे. पंचक्रोशीत ‘स्वाराती’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या रुग्णालयात शेजारच्या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांतूनही रुग्ण येतात. शल्यचिकित्सक, अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी एकाच आवारात असणे तालुक्याच्या गावी विरळाच. म्हणून या भागात जखमीचे भवितव्य बहुतेकदा रस्त्यावरच ठरते: कोण थांबले, त्याने काय केले आणि गाडी किती वेळात निघाली, यावर.

इजेनंतरच्या पहिल्या तासाला वैद्यकात मोठे महत्त्व आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्याच कायद्यात आणली. हा तास हातचा गेला तर काय होते, याची चर्चा बीड जिल्ह्याने फार जवळून ऐकली आहे. शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे हे केज तालुक्यातील राजेगावचे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. बराच वेळ मदत मिळाली नाही, असे त्यांच्या चालकाने सांगितले. त्यावरून वाद झाला व चौकशीही झाली. राज्यातील इतक्या गजबजलेल्या मार्गावर हा प्रश्न उठत असेल, तर अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरच्या रस्त्यावर मध्यरात्री पडलेल्या दुचाकीस्वाराचे काय, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोन करताना गावाचे नाव पुरत नाही. जवळची पाटी, पूल, पेट्रोल पंप किंवा किलोमीटरचा दगड सांगावा. जखमी किती, कोणी बेशुद्ध आहे का, कोणी गाडीत अडकले आहे का, एवढे कळले तरी पलीकडच्या माणसाला तयारी करता येते.

रुग्णवाहिका येईपर्यंत रक्तस्राव थांबवणे हे पहिले काम. स्वच्छ कापडाची, नसल्यास उपरण्याची किंवा ओढणीची घडी जखमेवर तळहाताने घट्ट दाबून धरावी. ती रक्ताने भिजली तरी काढू नये. वर दुसरी घडी ठेवावी, कारण खालची उचलताच गोठू लागलेले रक्त पुन्हा वाहते. जखमेत हळद, माती किंवा चुना भरू नये. जखमी पाणी मागतो आणि ‘नाही’ म्हणणे जिवावर येते. तरीही शुद्ध हरपत असलेल्याला किंवा पोटात मार लागलेल्याला पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि लगेच शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल देणेही धोक्याचे होते.

सर्वांत मोठी हानी मदतीच्या घाईत होते. चौघे हात-पाय धरून जखमीला उचलतात, जीपच्या मागच्या बाकावर दुमडून बसवतात. मानेचा मणका मोडलेला असेल तर त्या एका हिसक्याने मज्जारज्जू कायमचा निकामी होऊ शकतो. गाडी पेटण्याचा धोका नसेल तर जखमीला हलवू नये. हलवणे भागच असेल तर एकाने डोके व मान सरळ रेषेत धरावी, बाकीच्यांनी अंग एकदम उचलावे आणि फळीवर किंवा ताणून धरलेल्या घोंगडीवर आडवे ठेवावे.

बाहेर जखम दिसत नाही म्हणून निर्धास्त राहणे तितकेच घातक. अंबाजोगाईत महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले तत्कालीन केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटारीच्या मागच्या आसनावर असताना अपघातात सापडले. एम्सचे ट्रॉमा केंद्र जवळ होते, त्यांना तेथे लगेच नेलेही. पण मानेच्या मणक्याला आणि यकृताला झालेली इजा प्राणघातक ठरली. प्लीहा फाटून पोटात रक्त साचणे किंवा कवटीखाली रक्ताची गाठ वाढत जाणे, याची चिन्हे काही तासांनीही दिसतात. डोक्याला मार लागलेला माणूस आधी नीट बोलतो, नंतर त्याला उलट्या होतात, गुंगी येते. म्हणून स्वतःच्या पायांनी चालत घरी गेलेल्याचीही त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी. अपघात विभागात पोटाची सोनोग्राफी, गरजेप्रमाणे सीटी स्कॅन आणि धनुर्वाताचे इंजेक्शन या नेहमीच्या पायऱ्या आहेत.

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती अजून गेलेली नाही. कायद्याने मात्र तिला जागा ठेवलेली नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पोलिसी सोपस्कारांसाठी कोणत्याही डॉक्टरने उपचार थांबवता कामा नयेत. एमएलसीची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद उपचारांबरोबर होते, आधी नव्हे. जखमीला पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ त्याला दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देते.

खर्चासाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचार योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत तीतून मिळतात. मेंदूला इजा किंवा मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाला सात दिवस अपुरे पडतात. पुढच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी नातेवाइकांनी रुग्ण भरती होतानाच करावी. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि इजेचा दाखला नुकसानभरपाईच्या दाव्यात लागतात, ते जपून ठेवावेत.