लहान ट्रॅक्टरवरील कामाचे दिवे

लहान ट्रॅक्टरवरील कामाचे दिवे म्हणजे कारखान्यातून आलेल्या दिव्यांव्यतिरिक्त, अंधारात शेतकाम करता यावे यासाठी ट्रॅक्टरवर जोडलेले दिवे होत. बोलीभाषेत त्यांना ‘फोकस’ असे म्हणतात. लहान ट्रॅक्टरची विद्युत यंत्रणा सामान्यतः १२ व्होल्टची आणि मर्यादित क्षमतेची असते. त्यामुळे किती व कोणते दिवे बसवावेत, हे उजेडाच्या गरजेइतकेच विजेच्या हिशेबावरही अवलंबून असते.

उपयोग

मूळचे दिवे मुख्यतः पुढे, रस्त्याच्या दिशेने प्रकाश टाकतात. नांगर, रोटाव्हेटर, फवारणी यंत्र ही अवजारे मात्र चालकाच्या मागे असतात. अवजाराला शक्ती पुरवणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला साधारण ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्यात कपडा गुंतल्यास माणसाला सावरण्यास वेळ मिळत नाही. म्हणून अतिरिक्त दिव्यांमध्ये मागील दिव्याला विशेष महत्त्व आहे. तथापि दिवा हा शाफ्टवरील संरक्षक आवरणाला पर्याय नव्हे.

महाराष्ट्रात नाशिक, सांगली आदी भागांतील द्राक्षबागांत वेलींच्या ओळींमधून सहज जातात म्हणून लहान ट्रॅक्टर वापरले जातात. भर उन्हात फवाऱ्याचे थेंब लवकर सुकतात, तसेच दिवसा मधमाश्या फुलांवर असतात. त्यामुळे पुष्कळदा सायंकाळी फवारणी केली जाते व काम अंधार पडल्यावरही चालू राहते.

प्रकार

हॅलोजन दिवा दर वॅटला सुमारे २५ ल्युमेन प्रकाश देतो, तर एलईडी दिवा ८० ते १०० ल्युमेन देऊ शकतो. त्यामुळे १८ वॅटचा चांगला एलईडी ५५ वॅटच्या हॅलोजनची जागा घेऊ शकतो. प्रकाशाच्या पसरणीनुसार दूरवर अरुंद झोत टाकणारे आणि जवळचा रुंद भाग उजळणारे असे दोन प्रकार पडतात. अवजारावर लक्ष ठेवण्यास दुसरा प्रकार योग्य ठरतो. आयपी ६७ दर्जाच्या दिव्यात धूळ शिरत नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाल्यासही तो बिघडत नाही.

विद्युत भार

वॅटला व्होल्टने भागल्यास प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. ५५ वॅटचे चार हॅलोजन दिवे २२० वॅट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर प्रवाह घेतात. १८ वॅटचे चार एलईडी केवळ ६ अँपिअर घेतात. इंजिन बंद ठेवून हे चार हॅलोजन लावल्यास ५० अँपिअर-तासांची बॅटरी दीड तासाच्या आत निम्मी रिकामी होते व ट्रॅक्टर पुन्हा सुरू होण्याची खात्री राहत नाही. इंजिन चालू असतानाही अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा भार अधिक झाल्यास उरलेला प्रवाह बॅटरीतूनच खेचला जातो.

जोडणी

दिवे मूळच्या दिव्यांच्या वायरला परस्पर जोडल्यास ती वायर व बटण तापून वितळू शकते, प्रसंगी आगही लागते. म्हणून रिलेचा वापर करतात. बटणातून केवळ रिलेला चालवणारा अल्प प्रवाह जातो. दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीपासून फ्यूज व रिलेमार्गे स्वतंत्र वायरने जातो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ असावा लागतो, कारण त्याचे मुख्य काम दिव्याचे नव्हे, तर पुढील वायरचे रक्षण करणे हे असते. त्याची क्षमता दिव्यांच्या प्रवाहाहून अधिक, परंतु वायरच्या सहनक्षमतेहून कमी असते.

वायरची जाडीही महत्त्वाची असते. जाऊन-येऊन सहा मीटर लांबीच्या व १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरमधून १८ अँपिअर प्रवाह गेल्यास वाटेतच सुमारे दोन व्होल्ट खर्च होतात आणि हॅलोजनचा उजेड बराच मंदावतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ही घट पाऊण व्होल्टच्या आसपास राहते. वायर सायलेन्सर व हलत्या सांध्यांपासून दूर ठेवून बांधतात.

बसवण्याची जागा

दिवे सहसा मडगार्डवर किंवा चालकामागील संरक्षक चौकटीवर बसवतात. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचा जीव वाचवणे हे या चौकटीचे काम असल्याने तिला छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळून पट्टीच्या पकडीने दिवा बसवला जातो. दिवा चालकाच्या नजरेच्या रेषेजवळ असल्यास धूळ किंवा फवाऱ्याचे तुषार चमकून समोरचे दिसेनासे होते. पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळसर प्रकाशाकडे कीटक कमी आकर्षित होतात.

रस्त्यावरील वापर

शेतात उपयोगी पडणारा हाच प्रकाश रस्त्यावर धोकादायक ठरतो. मागे लावलेल्या पांढऱ्या दिव्याने मागून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात, शिवाय वाहन समोरून येत आहे असा त्याचा समज होऊ शकतो. त्या झगमगाटात ट्रॅक्टरचा लाल दिवा व परावर्तकही लक्षात येत नाहीत. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ नुसार वाहनाच्या पुढील बाजूस झोतदिवा बसवण्यास मनाई असून, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेनेच तो बसवता येतो. कामाच्या दिव्यांना स्वतंत्र बटण असल्यास शेताबाहेर पडताना ते एकत्रितपणे बंद करता येतात.

हे सुद्धा पहा

ट्रॅक्टर
एलईडी
रिले