लुळा हात, आणि नावातच दडलेला आरोप

'सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे' हे वाक्य पेट परीक्षेसाठी आपण सगळेच घोकतो. तेच वाक्य कोर्टात गेलं की किती अवघड होतं, हे पाहायचं असेल तर नवजात बाळाच्या हाताच्या लकव्याचा इतिहास वाचावा.

आधी थोडं शरीरशास्त्र. प्रसूतीत कधीकधी बाळाचं डोकं बाहेर येतं, पण खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकतो. याला शोल्डर डिस्टोशिया म्हणतात. हातात मिनिटं मोजकीच असतात. अशा वेळी डोकं जोरात ओढलं गेलं तर मान आणि खांद्यामधल्या नसा ताणल्या जातात. मणक्यातून निघणाऱ्या पाच मुळांचं हे जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, अख्खा हात चालवतं. नस नुसती ताणली असेल तर हात बहुतेक वेळा सुधारतो. मूळच उपटलं गेलं तर ते आपणहून जुळत नाही.

1872 साली फ्रान्सच्या ड्यूशेननं अशी चार बाळं नोंदवली आणि दोष प्रसूतीतल्या ओढाताणीला दिला. त्यानं दिलेलं नाव मराठीत आणायचं तर 'प्रसूतिकर्मजन्य लकवा'. नावातच कारण आलं, आणि कारणाबरोबर ते कर्म करणारा माणूसही! 1874 मध्ये जर्मनीच्या एर्बनं विजेचा वापर करून इजेची जागा पाचव्या-सहाव्या मुळांपाशी दाखवली. 1885 मध्ये ऑगस्टा क्लुम्पके हिनं खालच्या मुळांची इजा आणि तिच्यासोबत डोळ्याच्या बाहुलीत दिसणारा फरक उलगडला. ती तेव्हा पॅरिसमध्ये शिकत होती, हे पीएचडीवाल्यांनी जरूर लक्षात ठेवावं. (जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म 1859 मध्ये पायाळू जन्मला. त्याचा डावा हात कायमचा अधू राहिला, तेव्हा या आजाराला नावही नव्हतं.)

पुढे शंभरेक वर्षं ओढण्याचं कारण फारसं कुणी तपासलं नाही. पण डॉक्टरांवर भरपाईचे दावे वाढले, तसा प्रतिवादही पुढे आला: गर्भाशयाच्या कळांचा जोरच नसा ताणू शकतो, काही बाळांत खांदा अडकल्याची नोंद नाही, काही तर सिझेरियननं जन्मलेली, तरीही इजा आहे. यात तथ्य आहे. अडचण अशी की ओढण्याचा जोर खऱ्या प्रसूतीत सहसा कुणी मोजत नाही, आणि मुद्दाम जास्त ओढून प्रयोग करणं तर अशक्यच.

मग पुरावा आणायचा कुठून? 2008 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी'मध्ये एक केस रिपोर्ट आला. डॉक्टरनं ओढलं नाही, खांदा अडकला नाही, तरी इजा कायमची, असा त्याचा दावा. एकाच बाळाची नोंद, पण बचाव पक्षासाठी सोन्यासारखी. खटले हरलेल्या दोन मुलांच्या वतीनं थेट लेखक आणि प्रकाशकावर दावा लावला गेला: रिपोर्ट खोटा आहे आणि त्याच्यामुळेच आम्ही हरलो. 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल अपील कोर्टानं तो फेटाळणं कायम ठेवलं. कारण मजेशीर आहे. रिपोर्ट खरा की खोटा याचा निवाडा कोर्टानं केलाच नाही. निकाल त्या रिपोर्टमुळेच विरोधात गेला, हे मांडणीतून पटत नाही, असं म्हटलं. म्हणजे तिथेही अडलं ते कार्यकारणावरच.

2014 मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा, 'एकॉग'चा, मोठा अहवाल आला. त्यात नाव आहे 'नवजात ब्रेकियल प्लेक्सस पाल्सी'. 'प्रसूतिकर्म' गळालं. अमेरिकेत हजार जन्मांमागे सुमारे दीड बाळाला ही इजा होते, असा त्यातला आकडा. आणि नुसती इजा दिसली म्हणून ती डॉक्टरच्या ओढण्यानंच झाली असं म्हणता येत नाही, हा त्याचा सूर. अहवाल अभ्यासपूर्ण आहे. पण ज्यांच्यावर दावे होतात त्यांच्याच संघटनेनं तो काढलाय, हे विसरून मी तो वाचणार नाही. कायमची, मूळ उपटण्याइतकी इजा कळांच्या जोरावर कितीदा होते, या प्रश्नावर मला तरी तो अपुरा वाटतो.

म्हणून दाव्यात प्रसूतीची नोंदच उलटसुलट वाचली जाते. डोकं आणि खांदे यांच्यात किती वेळ गेला, मदतीला कोण आलं, आईचे पाय पोटाशी दुमडले का. आणि लुळा हात पुढच्या खांद्याचा होता की मागच्या? जघनास्थीमागे अडकतो तो सहसा पुढचा खांदा. हात मागचा निघाला तर 'डॉक्टरनंच ओढलं' हा युक्तिवाद लंगडा पडतो. नोंदीत ही एक ओळच नसेल, तर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ तिच्याविनाच भांडत बसतात.