ऐकीव इंग्रजी वाक्प्रचार

१७. मूळ प्रतीत येथे ‘फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस’ असे होते. शुद्ध रूप ‘फॉर ऑल इंटेन्ट्स अँड पर्पजेस’, अर्थ ‘व्यवहारतः’. हा प्रयोग १६व्या शतकातील इंग्लंडच्या कायदेभाषेतून रूढ झाला. ‘फ्री रेन’मधला ‘रेन’ हा घोड्याचा लगाम, राजाची कारकीर्द नव्हे. उच्चार एकच असल्याने इंग्रजी मातृभाषा असलेलेही स्पेलिंगात गफलत करतात, देवनागरीत ती झाकली जाते. ‘टो द लाइन’मध्ये पायाची बोटे रेषेला टेकवायची असतात, दोरखंड ओढायचा नसतो. अशा अर्थपूर्ण भासणाऱ्या चुकांना भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००३मध्ये ‘एगकॉर्न’ हे नाव सुचवले. ओकच्या फळाच्या, म्हणजे ‘एकॉर्न’च्या, नावाचाच तो अपभ्रंश. प्रस्तुत आवृत्तीत सर्वत्र शुद्ध रूपे दिली आहेत. — संपा.