बांडगूळ, ओक आणि आपल्याकडचे दगड

दिवाळीला भाची भंडाऱ्याला आली ती पत्त्यांचा एक कॅट घेऊनच. रमीचा नव्हे, टॅरोचा! नाव 'वाइल्डवूड टॅरो'. ७८ पत्ते, आणि राजाराणीच्या जागी सगळं रान. हरीण, अस्वल, लांडगा, पानांतून डोकावणारा हिरवा माणूस. बदाम-इस्पिकऐवजी बाण, धनुष्य, पात्र आणि दगड. चित्रं खरंच देखणी आहेत. "मामा, हे ड्रुइड लोकांचं हजारो वर्षांचं ज्ञान आहे," ती म्हणाली, आणि आमच्यातला जुना रोग जागा झाला.

हा कॅट मार्क रायन आणि जॉन मॅथ्यूज ह्यांनी २०११ साली काढला. चित्रकार विल वर्दिंग्टन. त्याआधी २००४ साली आलेल्या 'ड्रुइडक्राफ्ट टॅरो'ची चित्रंही त्याचीच. मुळात टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा साधा पत्त्यांचा डाव. त्यात प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान दडलंय असं १७८१ साली कूर द जेबलँ ह्या फ्रेंच माणसाने ठोकून दिलं, आणि तिथून भविष्य सुरू झालं. ड्रुइडांचा पत्त्यांशी संबंध आला तो फारच अलीकडे.

बरं, ड्रुइडांबद्दल तरी आपल्याला काय माहीत आहे? आपली विद्या लिहून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं, असं ज्युलियस सीझर सांगतो. म्हणजे जे कळतं ते बहुतेक परक्यांच्या तोंडून. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने त्यांचा एक विधी वर्णिलाय. पांढऱ्या वस्त्रातला पुजारी ओकच्या झाडावर चढतो आणि सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापतो. मिसलटो म्हणजे आपलं बांडगूळच की! मराठीत ती शिवी आणि तिकडे ते परम पवित्र. (असो. आपल्याकडचे गोंड ऐनाच्या झाडात बडादेव मानतात, तेव्हा झाडापुढे हात जोडणं आपल्याला नवं नाही.)

पण मला खरी गंमत वाटते ती दगडांची. १७४० साली विल्यम स्टकली ह्याने स्टोनहेंज हे ड्रुइडांचं मंदिर असल्याचं पुस्तक लिहिलं आणि लोकांनी ते खरं मानलं. प्रत्यक्षात ते मोठे दगड ड्रुइडांचा पहिला उल्लेख सापडतो त्याच्या दोनेक हजार वर्षं आधीच उभे राहिले होते. पुढे तेच चष्मे लावून साहेब विदर्भात आला. नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची शेकडो वर्तुळं आहेत. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक ह्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहिताना त्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे युरोपातल्या खळग्यांशी ताडून पाहिले. सारखेपणा आहेच, पण सारखेपणातून नातं सिद्ध होत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातही तिलोता खैरी, पिंपळगाव इथे असे महापाषाणी अवशेष आहेत, आणि इथल्या किती जणांना ते ठाऊक आहेत ते विचारायलाच नको.

ही वर्तुळं कुणाची हे शेवटी कुदळीने सांगितलं. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे उत्खननं केली. वर्तुळांखाली दफनं निघाली, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी मडकी निघाली. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. त्या लोकांचं नाव कळलं नाही, भाषा नाही, देव नाहीत. तरी त्यांनी काय घडवलं, मेलेल्याबरोबर काय ठेवलं, हे हातात घेऊन बघता येतं.

हे सगळं ऐकून भाचीचा चेहरा पडला. मलाही जरा वाईट वाटलं, सणासुदीला पोरीचा विरस केला म्हणून. आणि चित्रकाराने ते रान मनापासून काढलंय, त्यात खोटं काही नाही. मी म्हटलं, काढ एक पत्ता.

दगडांच्या रंगातला सरदार निघाला. त्या कॅटात तो घोडा आहे.

मग तिला माहुरझरीचं राहिलेलं सांगितलं. तिथल्या वर्तुळांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले सापडले, तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेले. ती बराच वेळ त्या पत्त्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मामा, माहुरझरी इथून किती लांब?"

नागपूर ओलांडून काटोलच्या बाजूला जायचं. भाऊबीज झाली की निघतो.